तिनं थोपटलं नव्हतं

तिनं थोपटलं नव्हतं. हे मी आधीच कबूल करून टाकतो, कारण परळीतल्या प्रत्येक शहाण्यानं मला दुकानात येऊन हेच वाक्य ऐकवलं. जणू मला ते ठाऊकच नव्हतं! मी तिच्यापासून हातभर अंतरावर गुडघा टेकून बसलो होतो. मला ठाऊक नसणार तर मग कुणाला?

मी गुरुलिंग. स्टेशनच्या रस्त्याला माझं स्टीलच्या भांड्यांचं दुकान आहे. सोलापूरला कॉलेजात असताना ज्युदो शिकलो आणि ब्याण्णव साली औरंगाबादला पंचाची परीक्षा पास झालो. बीड जिल्ह्यात तेव्हा पंचाचं ओळखपत्र असलेली माणसं दोनच. त्यातला एक बदली होऊन नांदेडला गेला आणि उरलो मी. जिल्ह्यात कुठंही ज्युदोची लढत असली की दुकानाचं शटर ओढायचं आणि पांढरी पँट चढवून निघायचं. माझी बायको महादेवी म्हणायची, "घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं." तिचं काही चुकत नव्हतं.

सत्त्याण्णवच्या डिसेंबरात राज्य स्पर्धेसाठी जिल्ह्याची निवड चाचणी परळीतच होती. एका शाळेचा हॉल, काथ्याच्या गाद्या आणि त्यांच्यावर ताणून बांधलेली ताडपत्री. थर्मल वीजकेंद्राची राख आमच्याकडं कुठंही येऊन बसते. सकाळपासून दोनदा झाडलं तरी पोरांच्या पोशाखाचे गुडघे राखाडी झाले होते.

मुलींच्या बावन्न किलो गटाची शेवटची लढत. एकीकडं प्रणिता. ती माझीच विद्यार्थिनी, आमच्याच गल्लीतली आणि आमच्याच समाजातली. हे तिन्ही मुद्दे लोकांनी नीट लक्षात ठेवले. दुसरीकडं शिवकन्या, गेवराई तालुक्यातल्या उमापूरची, मेंढ्या राखणाऱ्या बंकटची थोरली मुलगी. तिला तिथल्या शाळेतल्या गहिनीनाथ सरांनी शिकवलं होतं. सर स्वतः एका शिबिरात दहा दिवस शिकून आलेले. पण पोरगी अशी तयार झाली होती की गुरूनं तिच्याकडून शिकावं.

प्रणिताला जिंकून ढाल हवी होती, घरातल्या शोकेसमध्ये ठेवायला. शिवकन्येचं तसं नव्हतं. राज्य स्पर्धेत खेळल्याचं प्रमाणपत्र जोडलं की पोलिस भरतीत खेळाडूंच्या राखीव जागेवर अर्ज करता येत होता. भरती फेब्रुवारीत होती. पोरगी अठरा पूर्ण, उंचीत बसणारी, पळण्यात पोरांना मागं टाकणारी. तिचं अडत होतं ते फक्त त्या एका कागदावर. कागद मिळाला तर खाकी कपडे, नाही मिळाला तर पुन्हा मेंढरांमागं. एकोणीस वर्षांखालच्या गटातलं तिचं हे शेवटचं साल होतं. हे मला लढतीआधी गहिनीनाथ सरांनीच सांगितलं, आणि का सांगितलं म्हणून मी त्यांच्यावर चिडलोही. पंचाला अशा गोष्टी सांगू नयेत.

तिसऱ्या मिनिटाला प्रणितानं मागून शिवकन्येची कॉलर धरली आणि गळ्यावर फास आवळला. ज्युदोत हे चालतं. ज्याला सोसत नाही त्यानं गादीवर किंवा समोरच्याच्या अंगावर दोनदा थोपटायचं, की हार मान्य झाली. थोपटलं नाही आणि खेळाडू बेशुद्ध पडतोय असं दिसलं, तर पंचानं लढत थांबवायची. तीही हारच. सगळा घोळ या 'दिसलं तर'मध्ये आहे.

शिवकन्या दोन-तीन सेकंद धडपडली आणि एकदम निपचित पडली. हात सुटले, डोळे अर्धे मिटले. मी तिला नावानं हाक मारली, पण ती हलली नाही. पुन्हा मारली. सोलापूरला आमच्याबरोबर एक पोरगा होता, पंचानं थांबवायला उशीर केल्यामुळं त्याला शुद्धीवर यायला दीड मिनिट लागलं होतं आणि त्याची चड्डी ओली झाली होती. ते दीड मिनिट मी आजवर विसरलो नाही. मी दोघींच्या खांद्यांवर हात ठेवले आणि लढत थांबवली.

शिवकन्या ताडकन उठून बसली.

"कावून थांबवलं, सर?"

आवाज स्वच्छ, डोळे स्वच्छ. पण हेही सांगतो की अशा फासात माणूस एका क्षणात 'जातो', म्हणजे बेशुद्ध होतो, आणि सोडलं की दुसऱ्या क्षणात परत येतो, आणि आपण गेलो होतो हे त्याला स्वतःला कधीच कळत नाही. मी स्वतः दोनदा गेलो आहे. दोन्ही वेळा उठून भांडलो होतो.

मग जो गोंधळ झाला तो काय सांगू! उमापूरची माणसं गादीवर आली. "गल्लीतली पोरगी हाय म्हणून जिंकवलं बे!" असं कुणीतरी ओरडलं आणि ते मला सर्वांत जास्त लागलं, कारण त्यात तथ्य असू शकत होतं. मला मुद्दाम काही करायचं नव्हतं, हे मी वैजनाथाच्या पायरीवर उभा राहून सांगेन. पण न कळत? न कळत माणूस काय काय करतो, ते कुणी सांगावं. कोपऱ्यातले दोन साहाय्यक पंच म्हणजे शाळांचे पीटीचे मास्तर. त्यांना विचारलं तर एक म्हणाला, "तिचं तोंड पलीकडं व्हतं," आणि दुसरा म्हणाला, "माझ्या बाजूला खांब आला." वा रे पंच!

संघटनेचे सचिव आसाराम काका, निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी गहिनीनाथ सरांचा तक्रारअर्ज घेतला, घडी करून खिशात घातला आणि म्हणाले, "बघू." राज्याला नावं दहा जानेवारीपर्यंत पाठवायची होती. म्हणजे तोपर्यंत बघायला मोकळीक होती.

पुढचे दहा दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. दुकानात भांड्यांवर नाव टाकायला गिऱ्हाईक यायचं आणि म्हणायचं, "पुरं नाव टाका हं, मास्तर, मधीच थांबू नका." सगळे हसायचे. मीही हसायचो आणि मशीनची सुई घसरायची. एका बाईच्या लग्नाच्या कळशीवर मी नवऱ्याचं आडनाव चुकवलं. महादेवी म्हणाली, "अहो, झालं ते झालं. न्यायाधीशसुद्धा चुकतात." मी तिच्यावर ओरडलो की मी चुकलो असं कोण म्हणालं? ती म्हणाली, "तुम्हीच. रोज चेहऱ्यानं सांगताय."

एक दिवस मी तालमीच्या वेळी प्रणिताला बाजूला घेतलं.

"खरं सांग. तुझ्या हाताला काय लागलं? ती गेलती का?"

पोरीनं पट्टा सोडून पुन्हा बांधला. मग म्हणाली, "सर, मला वाटलं गेली. पण..."

"पण काय?"

"कॉलर पुरती बसली न्हवती, सर. तिची हनुवटी मधी व्हती. मला वाटलं, एवढ्यानं कशी गेली?"

एवढं ऐकल्यावर मला जेवण गोड लागेना. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान महादेवीवर सोपवलं आणि बीडची एसटी धरली. बीडहून गेवराई, गेवराईहून उमापूर. सगळ्या वाटेत मी एकच गोष्ट घोकत होतो की आपण माफी मागायला जात नाही आहोत, फक्त विचारायला जात आहोत. बंकट चार माणसांसमोर आपल्याला काय म्हणेल, याची मला भीती वाटत होती. आणि त्याहून भीती या गोष्टीची की तो काहीच म्हणणार नाही.

तो गावात नव्हता. गावाबाहेर एकाच्या रानात खतासाठी मेंढ्या बसवल्या होत्या, तिथं त्याचं बिऱ्हाड होतं. बारीक अंगाचा, लाल पागोट्याचा माणूस कोकरांच्या भोवती जाळी ताणत होता. तिला ते लोक वाघर म्हणतात. मला बघून त्यानं हातातला खुंटा खाली ठेवला.

"या, मास्तर," एवढंच म्हणाला.

त्याच्या बायकोनं, सारजाबाईनं, घोंगडं अंथरलं आणि शेळीच्या दुधाचा चहा ठेवला. शिवकन्या मेंढ्या घेऊन ओढ्याकडं गेली होती. बरं झालं. तिच्यासमोर मला बोलता आलं नसतं.

"बंकटराव," मी म्हणालो, "मी तुमच्या पोरीची लढत थांबवली. ती गेल्यासारखी दिसली म्हणून थांबवली. मला एवढंच विचारायचं हाय की ती अशी निपचित कावून पडली?"

सारजाबाई चुलीपासून बोलली, "लोक म्हणत्यात तुमी आपल्या गल्लीतली पोरगी बघून थांबवलं."

"लोकांचं सोड," बंकट म्हणाला. तो उठला, वाघरीपाशी गेला आणि एक थोराड कोकरू धरून आणलं. त्याची मान त्यानं जाळीच्या एका भोकातून अलगद आत घातली. कोकरानं एक झटका दिला, जाळी आवळली गेली. दुसरा झटका दिला, आणखी आवळली. मग बंकटनं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि ते गप्प झालं.

"जाळीत मान गुतली की जित्राब वढतं," तो म्हणाला. "वढलं की फास बसतो. जे वढतं ते मरतं. जुनी मेंढी वढत न्हाई. हनुवट खाली दाबती आन मेल्यावानी पडून ऱ्हाती, मानूस यीपर्यंत. पोरगी लहानपनापासून ह्येच बघत आली. तिला कोनी शिकवलं न्हाई. फास बसला की ती गप पडती, दम राखती, आन वरच्याचा हात ढिला पडला की निसटती."

मी कपाळाला हात लावला. ज्युदोच्या कुठल्याही पुस्तकात हे नव्हतं. फासात अडकलेला माणूस एक तर झगडतो, नाही तर थोपटतो, नाही तर जातो. हे चौथं मला कुणी सांगितलंच नव्हतं.

"मग मेलेलं आन गप पडलेलं, तुमाला लांबून कसं कळतं?"

"खुरावरून." त्यानं कोकराचा पाय दाखवला. खुराच्या दोन्ही फाकी आवळलेल्या होत्या, मातीत रुतल्यागत. "जीव हाय तवर खूर धरून ऱ्हातं. जीव निगाला की फाकतं. डोळ्याचं काय खरं न्हाई, मास्तर. डोळे कसे बी असत्यात. पोरीच्या पायाची बोटं बघा. ती धरून असली तर पोरगी हाय."

त्यानं कोकराची मान सोडवली. ते उड्या मारत आईकडं पळालं. मला एकदम हलकं वाटलं आणि दुसऱ्या क्षणी जड. म्हणजे मी चुकलो होतो? मी तिची बोटं बघितलीच नव्हती. म्हणजे मला कधीच कळणार नव्हतं.

"तुमचा अंदाज कदी चुकला न्हाई का?" मी विचारलं.

बंकटनं कप खाली ठेवला. मग म्हणाला, "एकदा. लई वर्सं झाली." एवढं बोलून तो खुंटा उचलायला वळला. सारजाबाईनं मात्र माझ्याकडं बघून म्हटलं, "मेंढराचं निराळं आन पोरीचं निराळं. ह्यास्नी कोन सांगनार?"

चार दिवसांनी बंकट स्वतः परळीला आला, थेट आसाराम काकांच्या घरी. मलाही बोलावणं आलं. काकांना वाटलं होतं, हा माणूस शिव्या देईल. तो ओट्यावर उकिडवा बसला आणि म्हणाला, "लडत परत घ्या. आन पंच ह्योच उबा करा."

काकांचा चष्मा नाकावर घसरला. "अरे, ह्याच्याविरुद्धच तर तक्रार आहे तुमची."

"व्हती. आता ह्याला कळतंय कुटं बघायचं. दुसऱ्याला परत पैल्यापास्नं शिकवू का?"

पंचाचा निर्णय अंतिम असतो, फेरलढत नियमात बसत नाही, असं मी म्हणू शकलो असतो. ते खरंही होतं. पण प्रणिता आपणहून तयार झाली, काकांना गेवराईची कटकट मिटवायची होती, आणि मला... मला माझी झोप परत हवी होती. चार जानेवारीचा रविवार ठरला.

त्या दिवशी हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. उमापूरहून एक टेम्पो भरून आला होता. आमच्या गल्लीतली झाडून सगळी माणसं खिडक्यांत चढली होती. प्रशिक्षकाच्या खुर्चीवर गहिनीनाथ सर बसायचे, पण त्यांनी ती बंकटला दिली आणि स्वतः मागं उभे राहिले. मी गादीवर जाताना बंकटनं माझ्याकडं बघून नुसती मान हलवली. आम्हा दोघांनाच माहीत होतं मान कशासाठी हलवली ते. शिवकन्येनंही माझ्याकडं बघितलं, पण ते बघणं वेगळं होतं. तिचा माझ्यावर काडीचा विश्वास नव्हता.

लढत चार मिनिटांची. पहिल्याच मिनिटाला शिवकन्येनं प्रणिताला पायात पाय घालून कुशीवर पाडलं आणि छोटा गुण मिळवला. उमापूरकरांनी हॉल डोक्यावर घेतला. दुसरं मिनिट गेलं, तिसरं गेलं. मी मनात म्हणत होतो, असंच संपू दे, कुणी कुणाचा गळा धरू नका, मला काही ठरवायला लावू नका. पंचानं असं म्हणू नये, पण मी म्हणत होतो.

चाळीस सेकंद उरले असताना शिवकन्या घसरली आणि प्रणिता पाठीवर चढली. तीच कॉलर, तोच फास. या वेळी प्रणितानं पाय आत घालून घट्ट पकडलं होतं आणि तिचं मनगट गळ्याखाली खोल गेलं होतं. शिवकन्या एकदा हलली आणि निपचित झाली.

मी गुडघ्यावर बसलो आणि पायांकडं बघितलं.

बोटं धरून होती. दोन्ही पायांची दहाच्या दहा बोटं ताडपत्रीत रुतली होती, नखं पांढरी पडेपर्यंत. ताडपत्रीला तिथं चुण्या पडल्या होत्या. मी वेळ बघितली, बत्तीस सेकंद. बत्तीस सेकंद एवढं टिकलं की लढत संपली, एका गुणानं पोरगी जिंकली, कागद तिचा.

"सोडवा! मरंल ती!" खिडकीतून ओरडायला सुरुवात झाली. "सोडवू नका बे! गप बसा!" हे उमापूरकर. मी बोटांवरून नजर हलवली नाही. अठ्ठावीस. तिचा चेहरा बंकटच्या बाजूला होता, मला दिसत नव्हता. मला तो बघायचाही नव्हता. डोळ्यांचं खरं नसतं, हे ज्यानं शिकवलं तो समोर बसला होता. बोटं घट्ट होती. पंचवीस.

तेवढ्यात माझ्या घोट्याला कुणीतरी धरलं.

बंकट खुर्चीवरून उतरून गादीच्या कडेला गुडघ्यावर आला होता. ओरडत नव्हता. एवढ्या कालव्यात त्याचा आवाज फक्त मला ऐकू येत होता.

"मास्तर, सोडवा."

"बोटं बघा, बंकटराव," मी दातांतून बोललो. "धरून हाय ती. हाय पोरगी."

"दिसत्यात मला बोटं. तिचं तोंड काळंनिळं पडलंय. सोडवा."

"तुमीच म्हनलात तोंडाचं खरं नसतं!"

"म्हनलो. मेंढराचं म्हनलो. तुमच्या पाया पडतो, मास्तर, सोडवा तिला."

त्याची बोटं माझ्या घोट्यात रुतत होती. एकोणीस सेकंद उरले होते. पंचानं खुर्चीवरच्या माणसाचं ऐकायचं नसतं, हे मला पाठ आहे. पोरीला अजून किती दम आहे ते मला पायांवरून स्पष्ट दिसत होतं. आता खरं सांगतो, कारण खोटं एकदा बोलून झालेलं आहे. मी बापाच्या दयेनं थांबवलं नाही. मला भीती सोसवत नव्हती. फास बसला त्या क्षणापासून थांबवण्यासाठी कुणीतरी मला एक कारण द्यावं, एवढीच मी वाट बघत होतो, आणि त्यानं ते दिलं.

मी दोघींच्या खांद्यांवर हात ठेवले.

प्रणिता हात सोडून बाजूला झाली आणि रडायलाच लागली. शिवकन्या दोन हातांवर उठली. एकदा खोकली, गळा चोळला आणि सरळ माझ्यासमोर उभी राहिली. चेहरा लालभडक, पण पाय पक्के.

"परत थांबवलं तुमी. परत! किती राहिलते?"

"एकोणीस," वेळ मोजणारा म्हणाला.

"मी गेलते का? बोला की, गेलते का मी?"

गहिनीनाथ सर गादीवर आले. आसाराम काका आले. टेम्पोतली माणसं पुढं सरकायला लागली. कुणीतरी माझी कॉलर धरणार, हे नक्की होतं. बंकट अजून गुडघ्यावरच होता. त्यानं तोंड उघडलं. मला वाटलं, सोडवायला आपणच सांगितलं असं तो सांगणार. सांगितलं असतं तर मी सुटलो असतो. पण त्याच्या पोरीनं त्याच्याकडं कसं बघितलं असतं, आयुष्यभर, ते मला त्या क्षणी दिसलं. की मला तसं वाटलं? मी त्याला वाचवत होतो की माझी भीती झाकत होतो, हे मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

"तुझी बोटं ढिली पडली," मी मोठ्यानं म्हणालो. "पायाची. मी त्याच्यावरच नजर ठेवली व्हती. तुझ्या वडलांनीच सांगितलंय कसं बघायचं ते."

"न्हाई पडली!" ती ओरडली. "मला म्हाईत हाय. मी धरून व्हते. खोटं बोलताय तुमी!"

मग ती बापाकडं वळली. तिचा सगळा राग गेला होता. इतका भरवसा मी कुणाच्या चेहऱ्यावर बघितलेला नाही.

"आबा, तुमी समोरच व्हता. तुमाला तर कळतंच. सांगा ह्यास्नी."

गहिनीनाथ सर बंकटकडं बघत होते, काका बघत होते, उमापूरची सगळी माणसं बघत होती. तो जे म्हणेल ते ठरणार होतं. मेंढरांत जन्म काढलेल्या माणसाच्या शब्दापुढं तिथं कुणाची हरकत चालली नसती. तो 'धरून होती' म्हणाला असता तर काकांनी निर्णय फिरवला असता. मीसुद्धा फिरवू दिला असता, अगदी आनंदानं.

बंकट उठून उभा राहिला. त्यानं पोरीकडं बघितलं नाही, माझ्याकडंही नाही.

"ढिली पडलती," तो म्हणाला.

पुढं सरकलेले उमापूरकर मागं हटले. गहिनीनाथ सरांनी खिशातून दुसरा कोरा अर्ज काढला होता, तो परत ठेवला. काकांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि प्रणिताचा हात वर करायची मला खूण केली. मी तो केला. टाळ्या फारशा वाजल्या नाहीत.

मी कडेला येऊन पाणी पीत होतो, तेव्हा शिवकन्या माझ्याकडं आली. पोशाख बदलला होता, गळ्यावर लाल वळ उठला होता. बंकट दाराजवळ पाठमोरा उभा होता. ती आता भांडायला आली नव्हती, हे मला लगेच कळलं आणि मला जास्त भीती वाटली.

"सर, असं व्हतं का? मानूस गेलं तरी त्याचं त्याला कळत न्हाई?"

"व्हतं," मी म्हणालो. ते खरंच होतं, म्हणून तेवढं मला सांगता आलं.

"मला वाटलं मी धरून हाय. मला अजून बी बोटाला ताडपत्री लागल्यावानी वाटतंय. पन आबा म्हनल्यावर..." ती थांबली. आपल्याच पायांकडं तिनं असं बघितलं, जणू ते दुसऱ्या कुणाचे होते. "आबांचं चुकत न्हाई. मग पैल्या बारीला बी मी गेलतेच की. आन मी गावभर सांगत फिरले तुमी खोटं म्हनून. लई बोलले मी तुमाला, सर. चुकलं माझं."

दारातून बंकटनं तिला हाक मारली. टेम्पो सुरू झाला होता. उत्तर ऐकल्याशिवाय ती हलेना.

मी म्हणालो, "असू दे."